भातुकलीतले खून

शिकागोतला मराठी माणूस डेव्हन ॲव्हेन्यूला जातो तो कढीपत्ता, कोकम, गोडा मसाला नाहीतर लग्नाच्या साड्या आणायला. या रस्त्याचा आणि इंग्रजी रहस्यकथांचा काही संबंध असेल, असं तुमच्या मनात कधी आलं नसेल. पण धागा आहे, आणि तो नावापासूनच सुरू होतो.

पूर्वी या रस्त्याला चर्च रोड म्हणत. 1880च्या दशकात जॉन लुईस कॉक्रन नावाच्या बिल्डरने शेजारीच एजवॉटर ही वस्ती वसवली आणि तिथल्या रस्त्यांना फिलाडेल्फियाजवळच्या रेल्वे स्टेशनांची नावं देऊन टाकली: ब्रिन मॉर, आर्डमोर, डेव्हन. त्या स्टेशनाचं नाव मुळात इंग्लंडातल्या डेव्हन परगण्याचं. आणि त्याच परगण्यातल्या टॉर्की गावात 1890 मध्ये अगाथा ख्रिस्तीचा जन्म झाला.

हा झाला निव्वळ योगायोग. त्यावर फार काही उभं करता येणार नाही. खरी गोष्ट डेव्हनपासून साधारण पंधरा किलोमीटर दक्षिणेला, प्रेरी ॲव्हेन्यूवरच्या एका घरात सुरू होते. पॉडकास्टमध्ये आवाज ऐकता येतो, पण खोल्या बघता येत नाहीत. आणि ही गोष्ट तर सगळी खोल्यांचीच आहे. म्हणून ती इथे लिहून सांगतो.

विणकाम करणारी म्हातारी

आधी रहस्यकथेचं बघू. खेडेगाव, चहाची वेळ, पाद्रीबुवांचं घर, आणि तिथे एक प्रेत. पोलीस चुकीच्या माणसाला धरतात. गावातली एक अविवाहित म्हातारी लोकर विणता विणता सगळं ऐकत असते, आणि शेवटी तीच खुनी दाखवून देते. ख्रिस्तीची मिस मार्पल 1927 मध्ये एका लघुकथेत पहिल्यांदा आली, आणि 1930 मध्ये ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ या कादंबरीत ठळकपणे उभी राहिली. तिच्याही आधी, 1897 मध्ये, ॲना कॅथरीन ग्रीन या अमेरिकी लेखिकेने अमेलिया बटरवर्थ ही शेजारच्या घरावर लक्ष ठेवणारी प्रौढ बाई कादंबरीत आणली होती.

आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय आणि झुंजार आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होते. ते नायक शूर, चपळ, बाहेरच्या जगात वावरणारे. स्वयंपाकघरात बसून खून उलगडणारी मावशी काही त्या परंपरेत ठळकपणे उभी राहिली नाही.

मार्पलबाईंबद्दल नेहमीचा आक्षेप असा, की हे सगळं गोडगोड आहे. खऱ्या खुनाच्या तपासात म्हाताऱ्या बाईला विचारतो कोण? तिला काय कळतं? या प्रश्नाचं खरं, इतिहासातलं उत्तर शिकागोच्या एका बाईने दिलं.

बाहेरून गढी, आत चौक

तिचं नाव फ्रान्सिस ग्लेसनर. जन्म 1878, शिकागो. वडील शेतीच्या यंत्रांच्या धंद्यात गबर झालेले. त्यांची कंपनी 1902 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरमध्ये विलीन झाली. प्रेरी ॲव्हेन्यूवरचं त्यांचं घर हेन्री हॉबसन रिचर्डसन या नामांकित वास्तुरचनाकाराने बांधलं, 1887 मध्ये पूर्ण झालं. रस्त्याच्या बाजूने ओबडधोबड ग्रॅनाइटची भिंत, आत मोठा चौक. पुण्या-साताऱ्याचा वाडा पाहिलेल्या माणसाला ते परकं वाटणार नाही. आज तिथे संग्रहालय आहे.

भाऊ जॉर्ज हार्वर्डला गेला. फ्रान्सिसला शिक्षक घरी येऊन शिकवत. कॉलेजात तिला पाठवलं नाही. श्रीमंत घरातल्या मुलीने शिकायचं ते शिवणकाम, विणकाम, घर मांडणं, पाहुण्यांची सरबराई. ती हे सगळं उत्तम शिकली. विसाव्या वर्षी ब्लुएट ली या वकिलाशी लग्न, तीन मुलं, आणि 1914 मध्ये घटस्फोट. त्या सुमारास तिने आईला एक भेट करून दिली: शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रा, नव्वद वादकांसकट, बाहुल्यांच्या आकारात. प्रत्येकाचं वाद्य वेगळं, कपडे नीट शिवलेले.

हीच ती भातुकली, जी पुढे पोलिसांच्या कामाला आली.

जॉर्जचा एक वर्गमित्र होता, जॉर्ज बर्जेस मॅग्रॅथ. तो बॉस्टनचा मेडिकल एक्झॅमिनर झाला, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणारा सरकारी डॉक्टर. त्याच्याकडून ली बाईंनी ऐकलं ते धक्कादायक होतं. अमेरिकेच्या बऱ्याच भागात हे काम ‘कोरोनर’ करत असे, आणि तो निवडणुकीने यायचा. वैद्यकीचं शिक्षण असायलाच हवं असं नाही. प्रेत हलवलं जायचं, रक्त पुसलं जायचं, पोलीस खोलीभर बूट वाजवत फिरायचे. परिणाम दोन: खुनाला अपघात म्हणून नोंदवायचं, किंवा निरपराध माणसाला अडकवायचं.

बाईंकडे आता वारशाचा पैसा येऊ लागला होता, आणि तो त्यांनी इथे लावला. 1931 मध्ये त्यांच्या मदतीने हार्वर्डमध्ये न्यायवैद्यकाचा विभाग उभा राहिला. पुढे त्यांनी ग्रंथसंग्रह दिला, अडीच लाख डॉलर्सची देणगी दिली. गंमत बघा: हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात मुलींना प्रवेश मिळाला तो 1945 मध्ये. ज्या शाळेत विद्यार्थिनी म्हणून पाऊल ठेवता आलं नसतं, तिथला विभाग या बाईने विकत घेतल्यासारखा उभा केला.

अर्धवट सोललेले बटाटे

पण डॉक्टर तयार करून भागणार नव्हतं. घटनास्थळी आधी पोहोचतो तो साधा पोलीस. त्याला बघायला शिकवायचं कसं? खऱ्या खुनाच्या जागी पंचवीस शिकाऊ माणसं नेता येत नाहीत. म्हणून 1940च्या दशकात, साठी ओलांडलेल्या ली बाईंनी न्यू हॅम्पशायरमधल्या आपल्या इस्टेटीत छोट्या खोल्या बनवायला घेतल्या. सुतारकाम रॅल्फ मोशर करायचा. बाकीचं बरंचसं त्यांचं स्वतःचं. एक फुटाला एक इंच हे प्रमाण. नाव दिलं ‘नटशेल स्टडीज ऑफ अनएक्सप्लेन्ड डेथ’. बाहुलीचे मोजे त्या टाचण्यांवर विणत. प्रेताच्या अंगावर मृत्यूनंतर उमटणारे जांभळट डाग, विषारी वायूने येणारा गुलाबी रंग, हे सगळं नेमकं रंगवलेलं.

त्यातली एक खोली स्वयंपाकघराची आहे. काळ एप्रिल 1944. नवरा सांगतो, बायकोच्याच कामासाठी चारच्या सुमाराला बाहेर गेलो, दीडेक तासाने परतलो तर दारं आतून बंद. खिडकीतून पाहिलं तर ती जमिनीवर पडलेली. गॅसचे कॉक उघडे, दाराच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं. पहिल्या नजरेत आत्महत्या.

आता खोली बघा. सिंकपाशी अर्धवट सोललेले बटाटे. ओव्हनच्या उघड्या दारावर नुकताच भाजलेला पाय. घरातली इतर कामंही मध्येच थांबलेली. ज्या बाईने मरायचं ठरवलं आहे, ती रात्रीच्या जेवणाचे बटाटे निम्मे सोलून ठेवेल का? कदाचित ठेवेलही. मन कसं चालतं कोण सांगणार? पण हा प्रश्न पडण्यासाठी बटाटे दिसायला हवेत, आणि बटाटा सोलणं हा कामाचा कुठला टप्पा आहे हे ठाऊक हवं. ज्याने आयुष्यात कधी स्वयंपाक केला नाही, त्याला ते फक्त सामान वाटतं.

दुसरी एक खोली पाद्रीबुवांच्या घरातली आहे, अगदी मिस मार्पलच्या पहिल्या कादंबरीसारखी. एक शाळकरी मुलगी खिमा आणायला बाहेर पडते, आणि काही दिवसांनी तिचं प्रेत त्या बैठकीच्या खोलीत सापडतं. शेजारी मांसाचं पुडकं. ऑगस्टच्या उकाड्यात मांस किती दिवसांत कसं दिसतं, हे घर चालवणाऱ्या कुणालाही माहीत असतं. इथे ते वेळ सांगणारं घड्याळ होतं.

पण मिस मार्पल आणि ली बाई यांच्यात एक मोठा फरक आहे. मार्पलबाई गावातल्या कुणाची तरी आठवण काढतात आणि माणूस ओळखतात. ली बाईंना असली अंतःप्रेरणा चालत नसे. प्रत्येक खोलीसोबत साक्षीदाराचा जबाब असतो, आणि तो खोटा असू शकतो अशी सूचनाही. शिकणाऱ्याला एक खोली, नव्वद मिनिटं, एक टॉर्च. काही खोल्यांत खून झालेलाच नाही. अपघात आहे, आत्महत्या आहे, नैसर्गिक मृत्यूही आहे. खुनी कोण हे सांगून टाळ्या मिळवायच्या नव्हत्या. काय दिसतं आणि त्यावरून काय सिद्ध होत नाही, हे सांगायचं होतं. दोषी सुटू नये आणि निर्दोष अडकू नये, हे दोन्ही त्यांच्या दृष्टीने एकाच कामाचे भाग होते.

आणखी एक. कोझी रहस्यकथेत बळी बहुधा हवेलीतला, मृत्युपत्रवाला. ली बाई स्वतः हवेलीत वाढल्या, पण त्यांच्या बहुतेक खोल्या साध्या आहेत: लाकडी झोपडी, भाड्याची खोली, माळा. बळींमध्ये बायका बऱ्याच. ज्यांच्या मृत्यूची चौकशी पाच मिनिटांत आटपली जाते, त्यांच्याच खोल्यांवर त्यांनी घरबांधणीइतका खर्च केला.

1943 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या राज्य पोलिसांनी त्यांना कॅप्टनचा हुद्दा दिला. 1945 पासून हार्वर्डमध्ये आठवडाभराची शिबिरं सुरू झाली. पेरी मेसनचा लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर तिथे बसून गेला आणि त्याने एक पुस्तक त्यांना अर्पण केलं. 1962 मध्ये त्या वारल्या. काही वर्षांत हार्वर्डने तो विभाग बंद केला. खोल्या बाल्टिमोरला मेरीलँडच्या मेडिकल एक्झॅमिनरच्या कार्यालयात गेल्या, आणि अजून शिकवण्यासाठी वापरल्या जातात. म्हणून त्यांची उत्तरं गुप्त आहेत. खुद्द शिकागोच्या कूक काउंटीने कोरोनरचं पद मोडीत काढलं ते 1976 मध्ये.

आपल्या स्वयंपाकघरातलं

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं. पण वर्तमानपत्रातलं ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ हे वाक्य आठवा. 1970 आणि 80च्या दशकांत ते इतक्या वेळा छापून आलं, की लोक पुढच्या बातमीकडे वळायचे. आपल्याकडे संशयास्पद मृत्यूचा पंचनामा होतो, आणि कायदा म्हणतो की तो परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर व्हावा. कल्पना चांगली आहे: शेजाऱ्याला घर माहीत असतं. पण हे प्रतिष्ठित रहिवासी बहुधा पुरुष. स्टोव्हमध्ये रॉकेल किती होतं, त्या वेळी घरात काय शिजायचं, रोज कोण स्वयंपाक करायचं, हे शेजारच्या काकूंना ठाऊक. सही मात्र काकांची.

स्त्री चळवळीने रान उठवल्यावर 1983 मध्ये कायदा बदलला. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत मरण पावलेल्या स्त्रीच्या मृत्यूच्या चौकशीचे आणि शवविच्छेदनाचे नियम कडक झाले. पुढच्याच वर्षी पुण्यातल्या एका तरुण विवाहितेच्या मृत्यूचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. तिने बहीण आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांवर तिथे काथ्याकूट झाला. फाशीची शिक्षा रद्द होऊन पती निर्दोष सुटला, आणि परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या न्यायालयाने घालून दिल्या. वकील त्यांना आजही पंचशील म्हणतात. संशय कितीही दाट असला तरी तो पुरावा होत नाही, हे त्यातलं सार. ली बाईंच्या शिबिरातही हेच शिकवलं जात होतं.

म्हणजे घरातलं ज्ञान दोन्ही बाजूंनी धारदार आहे. नीट नोंदलं तर पुरावा. नुसतं बोललं तर कुचाळकी. मार्पलबाई कादंबरीत असल्यामुळे त्यांची कुचाळकी नेहमी खरी ठरते. आपली ठरेलच असं नाही.

डेव्हन नावाचं खेडं

आता पुन्हा डेव्हनवर या. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान इथे 1974 मध्ये निघालं. आज या एकाच रस्त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांना गांधी, जिना, शेख मुजीब आणि गोल्डा मेयर यांची मानाची नावं आहेत. शहर एवढं अवाढव्य, पण हा रस्ता खेड्यासारखा चालतो. किराणावाल्याला ठाऊक असतं की अमुक बाई हल्ली एकट्या येत नाहीत, पैसे नेहमी नवराच देतो, बोलतोही तोच. पार्लरवालीला मानेवरचा डाग दिसतो.

रहस्यकथेत हुशार बाई येते ती खून झाल्यावर. कथेची ती गरजच आहे; प्रेत पडल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही. खऱ्या वस्तीत मात्र तेच निरीक्षण आधी कामाला येऊ शकतं. 1989 मध्ये शिकागोत ‘अपना घर’ ही संस्था सुरू झाली, घरात मारहाण सोसणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांसाठी. आसरा, आपल्या भाषेत बोलणारं माणूस, कायद्याची मदत. अशा ठिकाणापर्यंत एखादी बाई पोहोचते, त्यामागे बरेचदा कुणीतरी काहीतरी पाहिलेलं असतं आणि गावभर न सांगता हळूच तिलाच विचारलेलं असतं.

शिकागोत असाल तर एखाद्या शनिवारी डेव्हनची खरेदी उरकून प्रेरी ॲव्हेन्यूवरचं ते घर बघून या. छोट्या खोल्या तिथे नाहीत, त्या बाल्टिमोरला आहेत. पण ज्या मुलीला कॉलेजात न पाठवता सुई-दोरा दिला होता, ती कुठल्या चौकात खेळली हे दिसेल. आणि पुढच्या वेळी रहस्यकथा वाचताना खुनी कोण, याच्या आधी एक प्रश्न विचारून बघा: त्या दिवशी घरात स्वयंपाक काय होता, आणि तो कुठपर्यंत आला होता?