बांबूच्या काठीचें मोल

घराच्या माळ्यावर एखादी जुनी वस्तु सांपडली म्हणजे पहिला प्रश्न उठतो तो हिची किंमत काय, हा. इंग्लंड-अमेरिकेंत हा प्रश्न ज्या वस्तूंविषयीं वारंवार विचारला जातो, त्यांत गळ टाकण्याची बांबूची काठी ही एक आहे. दिसावयास ती दोन-तीन तुकड्यांची, धातूच्या नळ्यांनीं जोडावयाची एक सडपातळ काठी. परंतु एकीला बाजारांत कोणी विचारीत नाहीं, आणि तशाच दिसणाऱ्या दुसरीला हजारों डॉलर मिळतात. हा भेद कां पडतो, हें समजावयाचें तर त्या काठीचा इतिहास पाहिला पाहिजे. आणि त्या इतिहासाचें एक टोंक आपल्याच देशांत आहे.

ही काठी म्हणजे अखंड बांबू नव्हे. बांबू उभा चिरून त्याच्या कांबी काढावयाच्या, प्रत्येक कांब तासून त्रिकोणी करावयाची, आणि अशा सहा कांबी सरसानें एकत्र चिकटवून षट्कोनी काठी घडवावयाची, अशी ही कृति आहे. बांबूचें बळ त्याच्या सालीलगतच्या धाग्यांत असतें. आंतला भाग दुबळा. सहाही कांबींची साल बाहेरच्या अंगास ठेविली म्हणजे काठी हलकी, लवचिक आणि तरीही चिवट होते. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत ईस्टन येथें सॅम्युएल फिलिपी हा बंदुका व व्हायोलिनें करणारा कारागीर राहत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यानें तेथें चिरलेल्या बांबूच्या काठ्या केल्या. पुढें मेन संस्थानांतील बँगॉर येथें हायरम लेनर्ड (१८३१–१९०७) ह्यानें कांबी तासण्याचें यंत्र सिद्ध केलें. तें यंत्र तो बंद खोलींत ठेवी व परक्याच्या दृष्टीस पडूं देत नसे. परंतु विद्या कुलुपांत फार काळ राहत नाहीं. त्याच्याच कारखान्यांत तयार झालेल्या एडवर्ड पेन, फ्रेड टॉमस इत्यादि कारागिरांनीं पुढें स्वतःच्या नांवानें काठ्या केल्या, आणि आज त्यांचींही नांवें आदरानें घेतलीं जातात.

ह्या आरंभींच्या काठ्यांचा बांबू हिंदुस्थानांतला. तो कलकत्ता बंदरांतून परदेशीं जाई, म्हणून त्या धंद्यांत त्याला ‘कलकत्ता’ हेंच नांव पडलें. त्यावर पुष्कळदां जाळाचे काळसर डाग असत. आजही जाणता मनुष्य ते डाग पाहून काठीच्या वयाचें अनुमान बांधतो. ज्या हातांनीं तो बांबू तोडला, त्यांची मात्र कोठेंही नोंद नाहीं. काठीवर नांव राहिलें तें घडविणाऱ्याचें, आणि आज किंमत मिळते ती त्याच नांवाला.

पुढें कलकत्त्याच्या बांबूची जागा चीनमधील ‘टोंकिन’ बांबूनें घेतली. हा उत्तम बांबू क्वांगतुंग प्रांताच्या एका लहानशा डोंगराळ टापूंत होतो. कँटनच्या लिंगनान विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. ए. मॅक्ल्यूर ह्यांनीं इ. स. १९३१ मध्यें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें व त्याला ‘अमाबिलिस’, म्हणजे प्रेमास पात्र, असें नांव दिलें. परंतु इ. स. १९५० च्या अखेरीस अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केला आणि ही बंदी १९७१ पर्यंत उठली नाहीं. ह्याच सुमारास काचेच्या तंतूंच्या स्वस्त काठ्या बाजारांत आल्या. ज्यांनीं बांबूचा सांठा करून ठेविला होता ते थोडे टिकले. बाकीच्यांचे कारखाने एकामागून एक बंद पडले. नवी काठी दुर्मिळ झाली, तसें जुन्या काठीकडे लोकांचें लक्ष वळलें.

किंमत ठरवितांना परीक्षक प्रथम कर्त्याचें नांव पाहतो. एव्हरेट गॅरिसन हा पेशानें इंजिनियर. काठी किती वांकेल ह्याचें गणित मांडून त्यानें जन्मभरांत सुमारें सातशेंच काठ्या केल्या. त्यांतील एखादी हातीं लागणें हें भाग्यच. उलट मोठ्या कारखान्यांनीं हजारोंनीं काढलेल्या काठ्या, किंवा दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांतून लांकडी पेटींत भरून आलेल्या काठ्या, दिसावयास कितीही देखण्या असल्या तरी त्यांना मोल थोडें. दुसरी गोष्ट लांबीची. आजचे शौकीन काठी वापरतातही, म्हणून आठ फुटांच्या आंतील हलक्या काठीस मागणी अधिक. तिसरी गोष्ट संपूर्णतेची. बहुधा सर्व तुकडे सारख्या लांबीचे असावे लागतात. शेंड्याचा तुकडा दोन-तीन इंच आंखूड भरला तर तो केव्हांतरी मोडला आहे असें समजावें. मूळची कापडी पिशवी व धातूची नळी सोबत असल्यास मोल वाढतें. काठी कायमची वांकली असल्यास किंवा सरस सुटला असल्यास तें घटतें.

सर्वांत मोठी हानि मात्र पुष्कळदां घरांतच होते. वारसाला वाटतें, वस्तु विकावयाची तर ती चकचकीत हवी. तो जुनें रोगण खरवडून काढतो, नवें चढवितो, आणि त्या खरवडण्यांत मुठीजवळ बारीक अक्षरांत शाईनें लिहिलेलें कर्त्याचें नांव नाहींसें होतें. हजारों डॉलरांची काठी एका दुपारींत निनांवी होऊन बसते. म्हणून जाणत्यांचा सल्ला असा कीं, प्रथम कांहींच करूं नये. धूळ मऊ फडक्यानें टिपावी, प्रत्येक तुकडा मोजावा, असेल तें अक्षर वाचून टिपून ठेवावें, आणि मग विचारावें.

विचारल्यावर उत्तर पुष्कळदां ‘फारसें कांहीं नाहीं’ असेंच येतें. तें ऐकून निराश होण्याचें कारण नाहीं. बाजार नांवाची व दुर्मिळतेची किंमत करतो. बुचाच्या मुठीवर आजोबांच्या अंगठ्यानें पाडलेला खळगा त्याच्या हिशेबांत येत नाहीं. तो घरच्या माणसांनींच ओळखावयाचा असतो.