नाव एकीचे, देह दुसरीचा

नियतकालिकांच्या मुखपृष्ठावरील स्त्रीप्रतिमेचा इतिहास पाहू गेल्यास देहाइतकाच नावाचाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो. १८९२ साली न्यूयॉर्क येथे ‘व्होग’ निघू लागले. पुढे हेलन ड्रायडेन, जॉर्ज लपाप इत्यादिकांची चित्रे त्याच्या मुखपृष्ठांवर येत. त्यांतील सडपातळ, लांबट अंगकाठी ही चित्रकाराची कल्पना होय, हे वाचकांस उघड दिसे. जुलै १९३२ च्या अंकावर एडवर्ड स्टायकेन यांनी टिपलेले, पोहण्याच्या तांबड्या पोशाखातील तरुणीचे छायाचित्र आले. ‘व्होग’चे हे पहिले रंगीत छायाचित्राचे मुखपृष्ठ होय. चित्र कल्पना मांडते, छायाचित्र साक्ष देते, अशी सर्वसाधारण समजूत असते. तीत प्रख्यात व्यक्तीच्या नावाची भर पडली, की मुखपृष्ठ हे विधानच बनते : ‘अमुक स्त्री अशी दिसते.’

हे विधान कितपत खरे असते? अमेरिकेतील ‘टीव्ही गाइड’च्या २६ ऑगस्ट १९८९ च्या अंकावर ओप्रा विनफ्री यांचे मस्तक अ‍ॅन-मार्गरेट या अभिनेत्रीच्या देहावर बसविलेले होते. तो देह १९७९ मधील एका प्रसिद्धी-छायाचित्रातून घेतलेला होता. वेशकार बॉब मॅकी यांनी आपण बनविलेला पोशाख ओळखला आणि हा बनाव उघडकीस आला. ते मुखपृष्ठ हाताने रंगविलेले होते, हे खरे. तथापि नावामुळे त्यास साक्षीचे मोल आले. विशेष हे, की विनफ्री यांनी ६७ पौंड वजन घटविल्याचे नोव्हेंबर १९८८ मध्येच जाहीर केले होते. एवढे करूनही त्यांचा स्वतःचा देह मुखपृष्ठास पुरेसा वाटला नाही.

२००३ साली ब्रिटनमधील ‘जीक्यू’ने केट विन्स्लेट यांचे छायाचित्र संगणकाच्या साहाय्याने कृश करून छापले. येथे परका देह आणावा लागला नाही. स्वतःचाच परका करण्यात आला. आपण तशा दिसत नाही व दिसण्याची इच्छाही नाही, असे विन्स्लेट यांनी जाहीरपणे सांगितले.

फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलचा देह बारीक वा जाड दिसेल असा फेरफार केलेल्या व्यापारी छायाचित्रावर तशी सूचना छापणे बंधनकारक झाले. परंतु या नियमाचा रोख जाहिरातींवर आहे, संपादकीय मुखपृष्ठांवर नव्हे.

विशेषनाम एका निश्चित व्यक्तीचा निर्देश करते. अशा मुखपृष्ठांवर मात्र नाव खऱ्या स्त्रीचे असून त्याखालील देह कोणाचाच नसतो. वाचक स्त्री ज्या देहाशी स्वतःची तुलना करते, तो त्या नामांकित स्त्रीलाही लाभलेला नसतो. या प्रतिमांची खरी हानी तेथेच आहे.