अवटु ग्रंथी (थायरॉइड)

मानेच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असलेली अंतःस्रावी ग्रंथी. तिचे दोन खंड मधल्या अरुंद पट्टीने जोडलेले असतात. प्रौढांत वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम. रक्तातले आयोडीन खेचून घेऊन ती टी४ व टी३ ही संप्रेरके बनवते. चयापचय, हृदयाची गती, शरीराची ऊब आणि बाळाच्या मेंदूची वाढ त्यांच्यावर अवलंबून असते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच सोडून तिला कामाला लावते.

स्राव कमी पडला की थकवा, वजनवाढ, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, पाळीत अतिरक्तस्राव अशी लक्षणे हळूहळू दिसू लागतात. हा विकार स्त्रियांमध्ये बराच अधिक आढळतो, आणि वय किंवा घरकामाचा शीण समजून तो वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. रक्तातील टीएसएचची साधी तपासणी त्याचा छडा लावते. आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या प्रदेशांत याचे प्रमुख कारण हाशिमोतो विकार : शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटते. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. उपचार म्हणजे लेव्होथायरॉक्सिनची गोळी, सकाळी उपाशीपोटी. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांनी तिचे शोषण घटते, म्हणून मध्ये चार तासांचे अंतर ठेवतात.

अतिस्रावात धडधड, घाम, हातांना कंप, भूक असूनही वजन घटणे. ग्रेव्हज विकारात डोळेही बटबटीत होतात. औषधे, किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे उपाय.

आयोडीन कमी पडल्यास ग्रंथी सुजून गलगंड होतो, पण खरी हानी गर्भातल्या बाळाची होते. हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले आणि गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घरी पोचलेल्या मिठात दर दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे लागते.

काही बाळांत जन्मतःच ही ग्रंथी नसते किंवा अपुरी असते. अशी बाळे पहिल्या दिवसांत बहुधा निरोगीच दिसतात. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाने निदान होते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धीची वाढ सहसा इतर मुलांसारखीच होते. ही चाचणी प्रत्येक प्रसूतिगृहात व्हायलाच हवी.