ब्रेकची तार: बार्शी लाइटपासून खाली बसवलेल्या गाडीपर्यंत

आजचा भाग गाडीवेड्यांसाठी आहे, पण जायचंय इतिहासाच्या वाटेनं.

तालुक्याच्या गावातसुद्धा हल्ली एखादी हॅचबॅक दिसतेच. लोअरिंग स्प्रिंग टाकून खाली बसवलेली, रुंद टायर, चकाचक अलॉय. रीलमध्ये सगळं दिसतं, फक्त चाकाच्या आतली बाजू दिसत नाही. तिथं ब्रेकची रबरी नळी असते आणि मागच्या चाकांकडे हँडब्रेकची तार जाते. गाडी खाली आली, चाक रुंद झालं, मग त्या नळीला आणि तारेला जागा किती उरली? भूमकडून निघून बालाघाटाच्या चढउतारावर गाडी घालणाऱ्यानं हा प्रश्न आधी सोडवायला पाहिजे.

सुरुवात शेजारच्या बार्शीपासून करू. त्या काळी भूम निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. रूळ फक्त अडीच फूट रुंदीचे. तिचा इंजिनिअर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्यानं आधी ठरवलं, की एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. मग रूळ, डबे, इंजिन असं सगळं त्या आकड्याला धरून बेतलं. पुढे याच मार्गाचं ब्रॉडगेज करायचं ठरलं, तेव्हा नुसते रूळ लांब सरकवून भागलं नाही. वळणं, पूल, फलाट सगळं नव्यानं करावं लागलं, मार्गही बदलला आणि धाराशिव शहर रेल्वेवर आलं. चाकाची रुंदी बदलली की बाकीचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. मोटारीतही तसंच आहे, फक्त हिशोब मिलिमीटरचा असतो.

आता तारेकडे येऊ. १८९६ मध्ये अर्नेस्ट बोडेन नावाच्या आयरिश माणसानं एका केबलचं पेटंट घेतलं. कल्पना साधी होती. आत पोलादी तार, बाहेर वेटोळ्याचं कवच. आतली तार ओढली की बाहेरचं कवच दाब सोसतं, त्यामुळे ओढ वळणावरूनही पुढे पोचते. तुमच्या सायकलच्या ब्रेकची केबल हीच, आणि बहुतेक गाड्यांच्या हँडब्रेकची पण हीच. तिची अट एकच. कवचाला मोकळं, गोल वळण पाहिजे. ते दबलं, मुडपलं किंवा घासून फाटलं, की तार आत अडकते. मग ब्रेक लागत नाही, नाहीतर लागलेला सुटत नाही.

१९२२ मध्ये इंग्लंडात ऑस्टिन सेव्हन ही छोटी, स्वस्त मोटार आली. चारही चाकांना ब्रेक, आणि तेही तारेचे. सुरुवातीला पायाचा ब्रेक मागच्या चाकांना आणि हाताचा पुढच्या चाकांना होता. १९३० मध्ये दोन्ही जोडले गेले. ही गाडी जुनी झाल्यावर पोरांच्या हातात पडली. वरची बॉडी काढायची, स्प्रिंग सपाट करून गाडी खाली बसवायची आणि रेसला न्यायची. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन यानं १९४८ मध्ये पहिली गाडी बनवली, ती जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच. म्हणजे गाडी खाली बसवायचं वेड मोबाईलच्या फार आधीचं आहे. पण तारेच्या ब्रेकमध्ये एक कटकट होती. आस वरखाली झाला की तारेचं अंतर बदलतं. गाडी खाली बसवल्यावर हे अंतर कायमचंच बदलतं. मग तार ढिली पडणार, किंवा आपोआप ताणून ब्रेक घासत राहणार. प्रत्येक वेळी नव्यानं जुळवणी करायची.

यावर उत्तर तेलानं दिलं. अमेरिकेत माल्कम लॉकहीडनं हायड्रॉलिक ब्रेक विकसित केला आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत तो चारही चाकांना आला. तेलाचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, तारेसारखी लांबी जुळवत बसावं लागत नाही. फोर्डनं मात्र हा ब्रेक घ्यायला १९३९ चं मॉडेल उजाडू दिलं. पण एक कच्चा दुवा राहिलाच. बॉडी एका जागी, चाक मात्र वरखाली होणारं आणि वळणारं. म्हणून शेवटचा टप्पा रबरी नळीचा ठेवावा लागतो. तारेची जागा नळीनं घेतली, घासण्याची भीती तशीच राहिली.

आपल्याकडे मोटार बनवण्याचं स्वप्न बघितलं ते सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. १९४४ मध्ये त्यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी राहिली, कुर्ल्याला कारखाना झाला. तिथंच पुढे फियाट ११०० आणि मग पद्मिनी तयार झाली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तेव्हा गाडी मिळणं हीच मोठी गोष्ट. चाक बदलायची हौस सर्रास झाली ती नंतर, अलॉय आणि टायर गल्लीतल्या दुकानात मिळायला लागल्यावर.

तिकडे कॅलिफोर्नियात मेक्सिकन-अमेरिकन पोरांनी गाड्या इतक्या खाली आणल्या, की १९५८ पासून तिथं कायदाच लागू झाला. चाकाच्या रिमच्या सगळ्यात खालच्या टोकापेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली नको. रॉन अगिरेनं १९५९ मध्ये बटणावर वरखाली होणारी हायड्रॉलिक गाडी काढून त्यातून वाट शोधली. पण त्या नियमामागचं कारण ध्यानात घ्या. टायर फुटून रिम जमिनीवर बसली, तर रिमपेक्षा खाली लोंबणारी वस्तू रस्त्यावर घासणार. लोंबणारी हँडब्रेकची केबल असेल, तर पहिला बळी तिचाच.

आता मुख्य गोष्ट, नीट ऐका. कंपनी नळीची लांबी ठरवते ती चाक पार खाली लटकलं तरी पुरावी म्हणून. गाडी खाली बसवली की बॉडी चाकाच्या जवळ येते. नळी तेवढीच राहते, त्यामुळे ती ढिली पडून कमानीसारखी बाहेर फुगते, बऱ्याचदा टायरच्या बाजूला. त्यात टायर १६५ चा काढून १९५ चा टाकला, तर रुंदी ३० मिलिमीटरनं वाढली. रिमचा ऑफसेट तोच असेल, तर त्यातले साधारण १५ मिलिमीटर आतल्या बाजूला जातात. इकडून नळी बाहेर आली, तिकडून टायर आत आला. मधली जागा दोन्हीकडून खाल्ली गेली.

बरं, उभ्या गाडीत सगळं ठीक दिसतं. घासतं कधी? स्टेअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात गेल्यावर. किंवा मागं तिघं जण बसलेत आणि डिकीत खव्याचे डबे आहेत, तेव्हा. म्हणून तपासणी त्या अवस्थेत करायची:

रॅम्पवर किंवा मजबूत स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही.

स्टेअरिंग डाव्या टोकाला, मग उजव्या टोकाला न्या. दोन्ही वेळा नळी आणि टायरमधली जागा बघा. एबीएसची वायरही बघा, ती नळीच्या शेजारूनच जाते.

चाक पूर्ण वर दाबलेलं आणि पूर्ण लटकलेलं, दोन्हीत तपासा. वर असताना नळी चिमटू नये, लटकताना ताणू नये. मेकॅनिक स्प्रिंग काढून चाक जॅकनं वर घेतो, तेव्हा खरं चित्र दिसतं.

मागची केबल सायलेन्सरच्या पाइपला, टायरला किंवा आसाला टेकते का, क्लिप जागेवर आहेत का, हँडब्रेक सोडल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरतात का, हे बघा.

नळीवर खडूची रेघ मारा, थोडी गाडी फिरवून या. रेघ पुसली असेल तर तिथं घासतंय. रबर चकाकलं, आतला धागा दिसला, तर नळी बदलायची. चिकटपट्टी लावून चालवायची नाही. आणि नळी स्प्रिंगला बांधायची तर अजिबात नाही, कारण स्प्रिंग स्वतःच हलते.

नळी फुटली तर तेल जातं आणि पेडल फरशीला टेकतं. आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, त्यामुळे अर्धा ब्रेक उरतो. पण घाटाच्या उतारावर, भरल्या गाडीत, अर्धा ब्रेक म्हणजे थांबायला लागणारं अंतर कितीतरी वाढलेलं.

शेवटी कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. म्हणजे खाली बसवलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी आरटीओचाही विचार करायचा.

तुमच्या मित्रानं अशी गाडी केली असेल, तर हा भाग त्याला पाठवा. आणि त्याच्या गाडीत बसण्याआधी एकदा स्टेअरिंग पूर्ण वळवायला लावा, खाली वाकून आतली नळी बघा. दोन मिनिटांचं काम आहे. भेटू पुढच्या भागात.