निद्रादेवीची आराधना

भिलाईच्या नेहरू नगरात रात्रीचे अकरा वाजून गेले म्हणजे घरोघरचे दिवे मालवतात. पण शहर निजले असे म्हणता येत नाही. जी. ई. रोडवरून अवजड मालट्रक जात असतात, दूरवर हावडा-मुंबई लोहमार्गावर एखादी गाडी शिटी देते, आणि पोलाद कारखान्यात रात्रपाळीची माणसे कामावर रुजू झालेली असतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार होऊन या कारखान्याचा पाया घातला गेला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टी रोज रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही; तिला अहोरात्र जागावे लागते. भट्टीचे हे जागणे आम्हांस कळते. परंतु दिवसभर राबून थकलेला गृहस्थ अंथरुणास पाठ टेकताच त्याचे मन का पेटून उठते, हे कोडे मात्र या गावी आल्यापासून आम्ही कितीतरी रात्री सोडवीत पडलो आहोत.

परमुलखी नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांस हा अनुभव नवा नसावा. दिवा मालवला की बदलीचा हुकूम, अर्धवट राहिलेली टिपणी, मुलांच्या मराठीची आबाळ, गावाकडच्या घराचे गळणारे छप्पर, अशी सारी मंडळी एकामागून एक उशाशी येऊन बसतात. आमच्या मातोश्री नागपुरास असतात. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. त्यामुळे फोन उशाशी घेऊन निजण्याची आम्हांस सवय जडली. तो वाजत नसे. पण वाजेल या धास्तीने आम्ही जागे असू. मग घड्याळाकडे पाहावे, आता झोप लागली तरी पाचच तास मिळतील असा हिशेब करावा, आणि त्या हिशेबानेच आणखी एक तास घालवावा! यालाच आपल्या भाषेत निद्रादेवीची आराधना करणे असे म्हणतात. ही देवता मात्र मोठी विलक्षण. जितकी आराधना अधिक, तितकी ती दूर जाते.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केला होता काय? केला होता, आणि तोही बारकाईने. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत; म्हणजे ज्यांच्या टेक्यावर देहाची इमारत उभी राहते ते टेकू. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, निद्रानाशावर अभ्यंग, स्नान, दूध, सुखद गंध, मनास रुचणारे शब्द आणि नीट घातलेली शय्या असे उपाय दिले आहेत. मन थकून इंद्रियांनी विषयांपासून माघार घेतली म्हणजे मनुष्य निजतो, असे चरकाचे म्हणणे. माघार हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चरकाच्या यादीत झोपेवर चाल करून जाणारा एकही उपाय नाही. योगसूत्रकार पतंजलींनी तर निद्रेस चित्ताच्या पाच वृत्तींत बसविले. झोप हीदेखील मनाची एक हालचालच, असा त्याचा अर्थ होतो.

पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने हठप्रदीपिका रचली. तीत शवासन येते. शवाप्रमाणे भूमीवर उताणे पडून राहावे. त्याने श्रम हरपतात आणि चित्तास विश्रांती मिळते, एवढेच तेथे सांगितले आहे. नाव अभद्र वाटते खरे, आणि रात्री अंथरुणावर ते उच्चारण्यास घरातील वडील मंडळी हरकतही घेतील. परंतु या आसनाचा हेतू झोप हा नव्हे. देह सैल सोडून मनाने जागे राहावे, हे त्याचे मर्म आहे.

शतकानुशतके योग्यांच्या मठीत राहिलेले हे आसन प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आणण्याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे, त्यांत मराठी नावे अग्रभागी आहेत, ही आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांस विशेष आनंद देणारी गोष्ट होय. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत डभोई येथे झाला. म्हणजे तेही आपल्यासारखेच मराठी मुलखाबाहेरचे मराठी. बडोद्यास प्रो. माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून योगाचे. योगात जे सत्य असेल ते यंत्रावर मोजता आले पाहिजे, ही त्यांची निष्ठा होती. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. स्वामी कुवलयानंद या नावाने जग त्यांना ओळखते. १८ एप्रिल १९६६ रोजी ते निवर्तले. योगायोग असा की, इकडे लोणावळ्यात हे कार्य चालू असता तिकडे शिकागोत डॉ. एडमंड जेकबसन हे स्नायू क्रमाक्रमाने सैल करण्याच्या पद्धतीवर काम करीत होते. त्यांचा ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. दोन खंडांतील दोन माणसे परस्परांपासून दूर राहून एकाच दारावर थाप मारीत होती.

लोणावळ्याहून ही वाट परळला गेली. कुवलयानंदांबरोबर योगचिकित्सेवर १९६३ साली ग्रंथ लिहिणारे डॉ. विनेकर आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते हे एकत्र आले. दाते, देशमुख, दळवी आणि विनेकर या चौघांच्या नावे १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात एक निबंध आला. रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना त्यांनी शवासन शिकविले होते. कृती साधी होती. उताणे पडावे, अंग सैल सोडावे, श्वास संथपणे पोटातून घ्यावा, आणि लक्ष नाकपुड्यांशी ठेवावे. आत जाणारी हवा गार लागते आणि बाहेर येणारी ऊन लागते, तेवढेच पाहत राहावे. पुष्कळ रुग्णांचा रक्तदाब उतरला. काहींची औषधे कमी करता आली. पुढे लंडनमध्ये वैद्यकी करणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी हीच वाट धरून १९७३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला अनुभव मांडला आणि १९७५ साली नॉर्थ यांच्यासह ३४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी करून त्याची पडताळणीही केली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दाते यांचा अभ्यास रक्तदाबाचा होता, झोपेचा नव्हे. तथापि आमच्या मते त्यांच्या कृतीत झोपेचे रहस्यही दडलेले आहे. मनास गप्प बस म्हटले की ते दुप्पट बडबडते. त्यास एखादे क्षुल्लक काम सोपविले म्हणजे ते हळूहळू निवते. गार आणि ऊन वारा मोजणे याहून क्षुल्लक काम कोणते? त्यात यश नाही, अपयश नाही, वरिष्ठांचा शेरा नाही. आणि झोपेची मागणी नसल्यामुळे ती न आल्याची चिडही नाही. अंगाई गाणाऱ्या आजीस हे ठाऊक होते. ती बाळास झोपण्याची आज्ञा कधीच करीत नसे. एकच सूर आणि एकच झोका त्याच्या स्वाधीन करी.

नंतरच्या संशोधनाने या जुन्या शहाणपणात दोन व्यावहारिक गोष्टींची भर घातली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली असे सुचविले की, झोप येत नसेल तर अंथरुणावर तळमळत न राहता उठून दुसऱ्या खोलीत जावे आणि डोळे जड झाले म्हणजेच परतावे. नाहीतर अंथरूण ही काळजी करण्याचीच जागा ठरते. २०१८ साली बेलर विद्यापीठातील संशोधकांनी ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की, निजण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामांची यादी लिहिणारे हे झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपी गेले. कचेरीतील माणसास हे समजावयास अवघड नाही. ज्या प्रकरणावर पुढील तारीख पडली ते आज टेबलावरून उचलता येते. तारीख न पडलेले प्रकरणच रात्रभर छळते. अर्थात जागरण महिनोन्‌महिने चालले, किंवा झोपेत श्वास अडखळत असला, तर घरगुती उपायांवर न विसंबता डॉक्टरांकडे जावे हे उत्तम.

आमच्यापुरते सांगावयाचे तर आता आम्ही रात्री दहाला एका वहीत उद्याची कामे लिहितो. मातोश्रींशी बोलणे त्याआधीच झालेले असते. फोनचा आवाज चालूच ठेवतो, पण तो आता उशाशी नसतो. शेजारच्या खोलीत, वाजल्यास ऐकू येईल इतक्या अंतरावर असतो. मग दिवा मालवून नाकपुड्यांशी येणारा-जाणारा वारा पाहत पडतो. काही रात्री झोप चटकन येते, काही रात्री येत नाही. न आलेल्या रात्रीही आता पूर्वीसारख्या बोचत नाहीत, हाच मोठा लाभ.

आमच्या लहानपणी मातोश्री रात्री चुलीतील निखारे राखेखाली झाकून ठेवीत. विस्तव विझवावयाचा नसे. सकाळी फुंकर घातली की तो पुन्हा फुलावयास हवा असे. मनाचेही तसेच आहे. त्याची काळजी विझवून टाकता येणार नाही, आणि ज्यांची माणसे दूर आहेत त्यांनी ती विझवूही नये. रात्रीपुरती तिच्यावर थोडी राख ओढावी, इतकेच.