आधी कोण?

सोमवार, ३१ डिसेंबर १९१७. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत तुम्ही मागच्या बाकावर अंग चोरून बसला आहात. वाद ऐकताय तो मोहोरबंद लिफाफ्यांचा. गास्तों ज्युलियाने ते आधीच इथे ठेवून दिले होते. चोविशीतला हा अधिकारी १९१५ च्या जानेवारीत आघाडीवर नाक गमावून बसला. चेहऱ्यावर चामडी पट्टी आहे. १७ तारखेच्या बैठकीत वेधशाळेतल्या पिएर फातूचं टिपण आलं आणि ज्युलियाने कळवलं, हे मी आधीच लिहिलंय, फोडून पाहा. अकादमीचे सदस्य जॉर्ज अंबेर यांनी तपासलं; ज्युलियाचं म्हणणं खरं निघालं.

विषय साधा दिसतो. एका बहुपदीला दुसरीने भागून आलेलं फल घ्या, त्यात संमिश्र संख्या घाला, येईल ते उत्तर पुन्हा त्यातच घाला, असं करत राहा.

सभा चालू दे, तुम्ही वही काढा. दोन कृती: वर्ग करा, एक मिळवा. शून्यापासून आळीपाळीने चाला: ०, ०, १, १, २, ४, ५, २५, २६. ‘आधी वर्ग, मग एक’ म्हणणाऱ्याला दिसतात ०, १, २, ५, २६. ‘आधी एक, मग वर्ग’ म्हणणाऱ्याला ०, १, ४, २५. माळ एकच, मणी वेगळे टिपलेले. ‘आधी कोण’ यावर सभा तापलेली असताना हे कागदावर उतरावं, याची मला तरी गंमत वाटते.

इथे ‘एक मिळवा’ उलटवता येतं, म्हणून दोन्ही क्रमांची फलं सममूल्य: संख्यांना नवी नावं द्या, एकाचं दुसरं होतं. दोन्ही कृती न उलटणाऱ्या असल्या, तर एका क्रमाच्या फलाचे मार्ग दुसऱ्या क्रमाच्या फलाच्या मार्गांवर जातात खरे, पण अनेक बिंदू एकावर कोसळू शकतात. असाच कोसळ साध्या वर्गातही दाखवता येतो. प्रत्येक क्ष च्या जागी क्ष + १/क्ष ठेवा. ‘वर्ग करा’चं होतं ‘वर्ग करून दोन वजा करा’, आणि एकक वर्तुळ चपटं होऊन −२ ते २ एवढा रेषाखंड उरतो.

आता १९२३, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ; प्रश्न पुन्हा क्रमाचाच. कोणती फलं कुठल्याही क्रमाने लावली तरी उत्तर तेच, हे गणिती जोसेफ रिट शोधतो आहे. ज्युलिया आणि फातूही त्याच मागे आहेत, पण ज्युलिया-संच, म्हणजे जिथे सुरुवात किंचित हलली तरी पुढचा मार्ग भलतीकडे जातो ते बिंदू, संमिश्र संख्यांच्या सबंध गोलावर पसरला की त्यांची वाट अडते. रिट त्या संचाकडे बघतच नाही.