ओवी, पेटी आणि हलगी : आपल्या उपासनेतील गायनाचा इतिहास



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामात एक प्रश्न वृद्धांच्या व तरुणांच्या तोंडून सारखा ऐकू येतो. मिस्साबलिदानाच्या वेळी संगीत कोणते असावे? कोणास टाळ-मृदंगाचे भजन प्रिय आहे, कोणास ऑर्गनचे गंभीर स्वर, तर तरुणांस गिटार हवी आहे. एक म्हणतो, भजन हे अन्यधर्मीयांचे. दुसरा म्हणतो, ऑर्गन हा परकीयांचा. असले वाद केवळ आवडीनिवडीवर सोडून देण्याजोगे नसतात. प्रार्थनेच्या वेळी कोणाचे तोंड उघडते व कोणाचे मिटते, हे त्यांवर अवलंबून असते. म्हणून ह्या विषयाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

त्यासाठी फार दूर जावयास नको. ज्या देवगिरीच्या पायथ्याशी आपण राहतो, तेथेच तेराव्या शतकात यादव राजा सिंघण ह्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. राजदरबारी तो हिशेबखात्याचा मुख्य अधिकारी. ‘संगीतरत्नाकर’ हा त्याचा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ भारतीय संगीताचा आधारस्तंभ मानला जातो. त्यातील प्रबंधांच्या अध्यायात, दरबारी गायनप्रकारांच्या पंक्तीस, ओवीलाही स्थान मिळाले आहे. ही ओवी मूळची स्त्रियांची. चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ह्या बाराव्या शतकातील ग्रंथात, महाराष्ट्रातील बाया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. उखळाजवळ व जात्यावर जन्मलेले हे गीत पुढे 1290 साली ज्ञानेश्वरांनी गीतेच्या भाष्यासाठी उपयोगात आणिले. सोळाव्या शतकात ह्याच दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारी असलेल्या जनार्दनस्वामींपाशी पैठणच्या एकनाथांनी अध्ययन केले व 1573 साली आपले ‘भागवत’ ओवीतच पूर्ण केले.

त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, 1579 साली, फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्यास उतरले. त्यांनी लोकांची भाषा आत्मसात केली आणि 1616 साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून प्रसिद्ध झाले. जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत गायिली. ग्रंथाच्या आरंभीच त्याचे प्रयोजन सांगितले आहे. जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य ठरविलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरी का देत नाही, असा प्रश्न श्रोत्याने केला, व त्याचे उत्तर म्हणून हे पुराण रचिले गेले. श्रोत्याची तहान खरी आहे, हे फादर स्टीफन्स ह्यांनी ओळखिले, आणि पाणी त्याच्याच घागरीतून दिले.

परंतु इतिहासाचे दुसरे पानही वाचावयास हवे. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने, गोमंतकीयांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढिला. 1736 साली तेथील इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती घरांतील लग्नसमारंभांत ओव्या गाण्यास मनाई केली. ज्या ओवीत प्रभूची कथा रचिली गेली, तीच ओवी एकशेवीस वर्षांनी नवरीच्या मांडवात अपराध ठरली! असे का घडले? ओवी म्हणजे जुना धर्म, अशी भीती सत्ताधाऱ्यांच्या मनात बसली होती. ‘ख्रिस्तपुराण’ मात्र भाविकांनी जपून ठेविले. सतराव्या शतकातील छापील प्रत आज उपलब्ध नाही; हस्तलिखितांच्या आधारे 1907 साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले, आणि 1956 साली पुण्यास देवनागरीत प्रकाशित झाले.

आपल्या शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, प्रॉटेस्टंट बांधवांनी ह्या बाबतीत मोठे कार्य केले. कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तने केली. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक ह्यांनी अभंग व भजने रचिली. त्यांची पदे आज पंथभेद न मानता गायिली जातात.

कॅथलिक ख्रिस्तसभेत मात्र त्या काळी लॅटिनचे राज्य होते. दहावे पायस ह्यांनी 1903 सालच्या आदेशाने ग्रेगोरियन गायनास अग्रस्थान दिले. महामिस्सात लोकभाषेतील गीते, तसेच पियानो, नगारे व झांजा ही वाद्ये त्यांनी वर्ज्य केली. नाटकी संगीत वेदीपासून दूर ठेवावे, हा त्यांचा हेतू स्तुत्य होता. पण आपल्याकडील मृदंग व टाळही त्यामुळे दाराबाहेर राहिले. पुढे बाराव्या पायस ह्यांनी 1955 साली मिशन-प्रदेशांतील धार्मिक संगीताचा आदर करावयास सांगितले. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. त्याच्या 119 व्या कलमात, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे सांगितले आहे. आणि लगेच पुढील कलमात पाइप ऑर्गनचाही गौरव केला आहे. दोन्ही पक्षांनी ही दोन कलमे एकत्र वाचावीत, अशी माझी विनंती आहे. 1969 साली आरती, अंजली इत्यादि बारा बाबींस भारतासाठी मान्यता मिळाली. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्ष ह्या जर्मन धर्मगुरूंनी भारतीय रागांत भक्तिगीते रचिली.

आता ‘आपले’ आणि ‘परके’ ह्या शब्दांचा विचार करू. आपल्या प्रत्येक भजनी मंडळात जी पेटी वाजते, त्या हार्मोनियमचे पेटंट 1842 साली पॅरिस येथे दबें ह्या कारागिराने घेतले. युरोपात लहान देवालयांत ऑर्गनऐवजी तीच वाजे. कलकत्त्यात तिला हाताचा भाता बसला आणि ती मांडी घालून बसणाऱ्यांची झाली. उलट, आकाशवाणीने तिला परकी व आपल्या श्रुतींस प्रतिकूल मानून 1940 पासून 1971 पर्यंत आपल्या केंद्रांवर बंदी घातली होती. परके वाद्य भक्तांच्या हातांनी आपले होते, व आपले गीत हुकुमाने परके ठरते. इतिहासाचा हा दाखला दोन्ही बाजूंनी ध्यानात घ्यावा.

तिसरे वाद्य हलगी. तिच्याविषयी बोलण्यास आपण संकोचतो. मराठवाड्यातील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत असत. गावच्या जत्रेत व वरातीत हलगी त्यांनीच वाजवावी, पण देवळाच्या आत पाऊल टाकू नये, अशी रीत होती. चोखोबांसारख्या संतालाही पंढरपुरी दाराबाहेरच राहावे लागले. म्हणून हलगीचा आवाज ऐकताच काही वडीलधाऱ्यांना जुना अपमान आठवतो, आणि ते म्हणतात, ती नकोच. त्यांच्या दुःखाचा मान राखिला पाहिजे. परंतु दोष हलगीचा नव्हे, तिला बाहेर उभे करणाऱ्या रीतीचा होता. ज्या प्रभूने दाराबाहेरच्यांना मेजवानीस बोलाविले, त्याच्या वेदीसमोर हलगी वाजावी की नाही, हे ठरविण्याचा पहिला अधिकार तिच्यासाठी अपमान सोसलेल्यांचा आहे. ‘भारतीय संगीत’ म्हणजे केवळ पंडितांचे राग, असे मानून त्यांच्या घरचा ताल विसरणे न्याय्य होणार नाही.

तेव्हा कसोटी कोणती? शब्द सत्य व सुबोध असावेत, चाल प्रार्थनेस शोभेल अशी असावी, आणि मुख्य म्हणजे सर्व मंडळीस ती गाता यावी. गायकवृंद उत्तम गातो व मंडळी मुकी बसते, असे असेल तर वाद्य कोणतेही असो, काहीतरी उणे आहे. ह्या कसोटीस गिटारही उतरेल, ऑर्गनही उतरेल.

एक सूचना करून लेख संपवितो. पिठाच्या गिरण्या आल्या, घरोघरचे जाते थांबले आणि त्याबरोबर ओवीही थांबत चालली आहे. आपल्या धर्मग्रामातील आजींना येशूबाळाच्या, पवित्र मरियेच्या व माहेरच्या ज्या ओव्या अजून मुखोद्गत असतील, त्या तरुणांनी ह्या ज्युबिली वर्षात त्यांच्या शेजारी बसून लिहून घ्याव्यात व चालीही शिकाव्यात. देवगिरीच्या पंडिताने जिला ग्रंथात स्थान दिले, तिला तिच्या लेकरांनी वहीत तरी स्थान द्यावे. परमेश्वर आपणां सर्वांच्या कंठी एकच स्तुती व अंतःकरणी एकच प्रेम देवो, हीच प्रार्थना.